नंबरासाठी हजार रुपये जास्त का द्यायचे?

सांगलीच्या एका वडिलांनी प्रश्न पाठवलाय. मुलगी बारावीत, सतरा वर्षांची. दिवाळीपासून कॉलेजला जायची टाळाटाळ, रात्री दोन-तीनपर्यंत जाग, आणि गेल्या आठवड्यात आईला तिच्या मनगटावर ओरखडे दिसले. मांजराचे आहेत म्हणाली. घरात मांजर नाही. फॅमिली डॉक्टरांनी ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवा’ अशी चिठ्ठी दिली. घरापासून दहा मिनिटांवर एक ‘काउन्सेलर व सायकोथेरपिस्ट’ आहेत, फी पाचशे. डॉक्टरांनी सुचवलेल्या बाई पुण्याच्या, फी दीड हजार, नावाखाली आरसीआय या सरकारी परिषदेचा नोंदणी नंबर. “बोलूनच बरं करायचं असेल तर बोलणार दोघीही. मग नंबरासाठी हजार रुपये जास्त का द्यायचे?”

प्रश्न रोखठोक आहे आणि तसाच विचारायला हवा. मी चोवीस वर्षं हेच काम करते आणि माझ्या पाटीवरही तो नंबर आहे, तेव्हा माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं असणार हे धरून वाचा.

पण आधी ओरखड्यांचं बोलू, नंबराचं नंतर. या मुलीला याच आठवड्यात कुणीतरी जाणत्या माणसानं बघायला हवं. पुण्याची वेळ पंधरा दिवसांनंतरची मिळत असेल तर तोवर थांबू नका. तुमच्या शेजारीच मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत घेऊन जा. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरावर फोन लावा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. घरातल्या गोळ्या आणि शेती असेल तर फवारणीची औषधं कुलपात ठेवा. आणि तिला एकदा शांतपणे, डोळ्यांत बघून विचारा: मरून जावंसं वाटतं का? असं विचारल्यानं ते खूळ डोक्यात शिरतं ही समजूत चुकीची आहे. ओरखडे काढणाऱ्या सगळ्यांनाच मरायचं असतं असंही नाही. कित्येकांना आतली घालमेल तेवढ्यापुरती थांबवायची असते. यातलं तुमच्या लेकीचं कोणतं, हे विचारल्याशिवाय ना तुम्हाला कळेल, ना मला.

आता पाट्यांचा घोळ. सायकिॲट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ: आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. औषध ते लिहितात, गरज पडली तर ॲडमिट करून घेतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा एमबीबीएस डॉक्टर नसतो. मराठीत ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ असा शब्द आहे, पण सरकारी जाहिरातीबाहेर तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आम्ही मानसशास्त्रात एम.ए. करतो आणि त्यावर दोन वर्षं पूर्णवेळ हॉस्पिटलमध्ये राबतो. गोळी आम्ही लिहीत नाही, लिहायचीही नाही. आपल्या विद्येबाहेरचं औषध किंवा उपचार कुणी सुचवायचा नाही, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट आहे. (तरी निम्मे लोक खुर्चीतून उठताना विचारतातच, “मॅडम, गोळी?”) राहिला ‘काउन्सेलर’. हा शब्द कुणीही लावू शकतं. त्यामागे समुपदेशनाची नीट दोन वर्षांची पदवी असेल, समाजकार्याची एमएसडब्ल्यू असेल, सहा महिन्यांचा डिप्लोमा असेल किंवा तीन रविवारचं शिबिर. ‘सायकोथेरपिस्ट’चंही तेच. पाटीवरून ओळखायला काहीच मार्ग नाही, आणि तुमची खरी अडचण ती आहे.

बोलणार दोघीही, हे खरं. पण बोलण्या-बोलण्यात फरक असतो तो एका केसवरून सांगते. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

पन्नाशीच्या एक काकू. घरात सोवळं पहिल्यापासून. नैवेद्याच्या स्वयंपाकाआधी एकदा अंघोळ व्हायची, ती दोनदा झाली, मग चारदा. दारातली चप्पल नुसती दिसली तरी पुन्हा पाणी. घरच्यांना वाटलं, वय होतंय तशी भक्ती वाढतेय. सकाळचा स्वयंपाक दुपारी दोनला व्हायला लागला, सुनेनं वेगळा गॅस मांडला, तरी कुणाला हा आजार वाटला नाही. हाताची कातडी सोलून निघाली तेव्हा त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांनी ओळखलं.

माझ्याकडे येण्याआधी काकू आठ महिने एका समुपदेशक बाईंकडे जात होत्या. त्या बाई मनानं चांगल्या, कळकळीच्या. दर वेळी धीर द्यायच्या: काही विटाळबिटाळ होत नाही, देव रागावत नाही, वाईट विचार मनातून काढून टाका. काकू हलक्या होऊन घरी यायच्या आणि दुसऱ्या दिवशी फोन करायच्या, “पण मॅडम, नक्की नाही ना होत?”

काकूंचा आजार ओसीडी, म्हणजे नको असलेली तीच शंका पुन्हा पुन्हा येणं आणि ती शमवायला तीच कृती करत राहणं. त्याची गंमत, म्हणजे दुर्दैवी गंमत, इथेच आहे. आधी शंका येते, मग धुणं, मग क्षणभर सुटका. ती क्षणभराची सुटकाच आजाराचा चारा. मॅडमकडून ‘काही होत नाही’ हे ऐकणं म्हणजे पुन्हा एकदा हात धुणंच होतं, फक्त पाण्याऐवजी शब्दांनी आणि फी देऊन. आठ महिने आजाराला नेमानं खायला मिळत होतं. उपचार बरोबर उलटा आहे. शंका येऊ द्यायची, धुवायचं नाही, आणि ‘नक्की ना?’ असं कुणाला विचारायचंही नाही. घालमेल चढते, छाती धडधडते, थोडा वेळ तशीच राहते आणि मग आपली आपण उतरते. हे कुणी समजावून पटत नाही, अंगानं शिकावं लागतं. म्हणून लहान लहान पायऱ्या करायच्या: पहिल्या आठवड्यात उंबरठ्याला बोट लावून दहा मिनिटं बसायचं, पुढे दाराची कडी, मग चप्पल. पायरी फार उंच ठेवली तर माणूस पळून जातो, फार बुटकी ठेवली तर काही शिकत नाही. ती उंची ठरवणं हे आमचं कसब.

आणखी एक गोष्ट होती. काकूंचं सोवळं सोडवणं हे माझं काम नव्हतं. मी त्यांना विचारलं, “तुमच्या सासूबाई किती वेळा न्हायच्या?” म्हणाल्या, “एकदाच. पहाटे.” म्हटलं, “मग आपण त्यांच्याइतकंच सोवळं पाळू, त्यांच्यापेक्षा जास्त नको.” हे त्यांना पटलं. सोबत सायकिॲट्रिस्टच्या गोळ्या चालू होत्याच. पाच महिन्यांनी स्वयंपाक साडेअकराला होऊ लागला. पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. अधिक महिन्यात आजार डोकं वर काढतो, तेव्हा फोन येतो.

आधीच्या बाईंवर मी हे ढकलत नाही. त्यांना माणसाला धीर द्यायला शिकवलं होतं, त्यांनी तो दिला. धीर देणं कोणत्या आजारात विष होतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

आमचं दुसरं मोठं काम चाचण्यांचं, आणि तिथे तर कागदावरचा एक आकडा माणसाचं आयुष्य वळवतो. तुमच्या लेकीला कदाचित याची गरज पडणार नाही, पण हा भाग सांगितल्याशिवाय नंबराचं महत्त्व कळायचं नाही.

बुद्धिमापनात मराठी मुलांचं नशीब तसं बरं. १९३० च्या दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचं कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केलं. ‘बिने-कामत’ म्हणून ती अजून वापरात आहे. वेक्स्लर यांची मुलांसाठीची कसोटी भारतीय मुलांना बेतून दिली ती नागपूरच्या मालिन यांनी. दोन्ही कसोट्या जुन्या झाल्यात, त्यांचे आकडे आजच्या मुलांना लावताना हात राखून बोलावं लागतं. म्हणजे नुसती कसोटीच्या साहित्याची पेटी विकत घेऊन भागत नाही. ही पेटी या मुलाला चालेल का, त्याची घरची भाषा कोणती, तो आज उपाशी आलाय का, त्याला नीट ऐकू येतंय का, हे आधी बघायचं आणि मग प्रश्न विचारायचे.

सातवीतला एक मुलगा आठवतो. घरी कैकाडी बोलणारा, शाळा मराठी. वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. शाळेनं कुठूनतरी ‘आयक्यू टेस्ट’ करून आणवली होती: बुद्ध्यांक ६२, सौम्य मतिमंद. खाली ‘चाइल्ड सायकॉलॉजिस्ट’ असा रबरी शिक्का आणि वळणदार सही. नंबर नाही. मुलाला विचारलं तर म्हणाला, “अर्धा तासच बसवलं होतं.” प्रश्न सगळे तोंडी, शाळेतल्या पुस्तकी मराठीत. मी आधी ठोकळे दिले. नक्षी बघितली आणि भराभर जुळवून माझ्याकडे पाहायला लागला, पुढचं द्या ना म्हणून. दोन बैठका, वाचन-लेखनाच्या चाचण्या, वडिलांशी बोलणं, कानांची तपासणी आणि भाषेची अडचण वेगळी काढल्यावर जे उरलं ते अध्ययन अक्षमता, लोक ज्याला एलडी म्हणतात. बुद्धी तुमच्या-माझ्यासारखीच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. बौद्धिक अक्षमता त्यात आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. पण दोन्हींच्या वाटा वेगळ्या. एलडीच्या मुलाला परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात आणि तो पुढे इंजिनिअरही होतो. ‘मतिमंद’ शिक्का बसलेल्या मुलाला वर्गात कुणी प्रश्नच विचारत नाही. त्या पोराचा गृहपाठ तपासायचं सरांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. आणि तो बिननंबरी रिपोर्ट दिव्यांग सर्टिफिकेटसाठी सादर केला तेव्हा मेडिकल बोर्डानं तो बाजूला ठेवला. गंमत बघा, ज्या कागदानं शाळेत पोराचं एवढं नुकसान केलं, त्याला दप्तरी किंमत शून्य होती.

नंबर आहे म्हणून अशी चूक होतच नाही, असं नाही. माझ्याकडूनही झाल्या आहेत. फरक एवढाच की माझ्या पहिल्या चुका कुणीतरी बघत होतं.

शिकत असताना, दुसऱ्याच महिन्यात, वॉर्डात एक नवीन लग्न झालेली मुलगी होती. गोड बोलायची, हसायची, मला ‘ताई’ म्हणायची. मी तिचा चार पानी इतिहास लिहिला: बालपण, शिक्षण, सासर, झोप, भूक. स्वतःवर खूश होते. आमच्या मॅडमनी तो वाचला आणि शेवटच्या पानावर लाल पेनानं एक ओळ लिहिली: ‘मरणाबद्दल विचारलंस?’ विचारलं नव्हतं. ती हसत होती ना, म्हणून सुचलंच नाही. मॅडमनी मला त्याच संध्याकाळी परत वॉर्डात पाठवलं. मी अडखळत विचारलं, तेव्हा तिनं ठरवलेली तारीख सांगितली. घरी सोडल्यानंतरचा तिसरा दिवस.

आज मी कुणाचंही हसू बघून तो प्रश्न गाळत नाही. ते शहाणपण माझं नाही, त्या लाल ओळीचं आहे. दोन वर्षांत अशा शेकडो ओळी खाल्ल्या. पूर्ण तपासणीचे रिपोर्ट, थेरपीच्या नोंदी, एक प्रबंध, परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक. पण खरं शिक्षण रोजचं: केस घ्यायची, सायकिॲट्रिस्टसमोर मांडायची, चारचौघांत चूक निघायची, परत जायचं. थायरॉइड कमी झाल्यानंही माणूस उदास आणि सुस्त होतो, साठीनंतर अचानक बदललेला स्वभाव मेंदूच्या आजाराचा असू शकतो, हे पुस्तकात सगळेच वाचतात. आपण ‘डिप्रेशन’ म्हणून मांडलेल्या पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला गेला की मग ते विसरत नाही.

तेव्हा माझ्या लेखी त्या नंबराचा पहिला अर्थ हा: या बाईच्या चुका कुणीतरी बघितल्या आहेत.

दुसरा अर्थ कायद्याचा. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ही १९९२ च्या कायद्यानं आलेली संस्था. तिनं मान्यता दिलेल्या ठिकाणी क्लिनिकल सायकॉलॉजी शिकलेल्यांची नोंद एका केंद्रीय रजिस्टरमध्ये होते. नोंद कायमची नसते. ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि मधल्या काळात शिकत राहिल्याचे गुण दाखवावे लागतात. त्या रजिस्टरात आमच्या शेजारी विशेष शिक्षक, ऑडिओलॉजिस्ट, कृत्रिम हातपाय बसवणारे असे बरेच लोक आहेत, कारण हा कायदा मुळात अपंग पुनर्वसनाच्या बाजूनं आला. मनाच्या आजाराचं काम करणाऱ्यांचं नाव जयपूर फूटवाल्यांच्या शेजारी का, हे मला कित्येकांनी विचारलंय. उत्तर इतिहासातच आहे. पुढे २०१७ च्या कायद्यानं ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या केली आणि तीही आरसीआयच्या मान्यतेलाच बांधली.

आता या कायद्याची दुबळी बाजू. नोंदणी नसताना हे काम करणाऱ्याला १९९२ च्या कायद्यात शिक्षा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार! तुमच्या दोन फीमधला फरक तेवढाच आहे. शिवाय पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ न लिहिता ‘माइंड कोच’ किंवा ‘थेरपिस्ट’ लिहिलं की धरायला जागाच उरत नाही. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा वेगळा कायदा झाला, त्यात इतर सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक येतात. पण ती यंत्रणा अजून उभी राहते आहे. तोवर तुमच्या घराजवळच्या बाई कायदा मोडतायत असं मी म्हणणार नाही. त्या बेकायदा नाहीत, फक्त कुणाच्या रजिस्टरात नाहीत.

रजिस्टरात नसणं कधी टोचतं, तर काही बिघडल्यावर. एका मुलीच्या थेरपिस्टनं तिची गोष्ट ‘सक्सेस स्टोरी’ म्हणून इन्स्टाग्रामवर टाकली. नाव नव्हतं, चेहरा पुसट केला होता. पण गावाचं नाव, वडिलांचा धंदा आणि मोडलेलं लग्न एवढं होतं. गावात कळायला दुपार पुरली. वडील कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले: तक्रार कुठे करायची? थेरपिस्ट ज्या असोसिएशनचं नाव पाटीवर लावायची तिला त्यांनी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, सदर व्यक्ती आमची सभासद नाही. ग्राहक मंचात जा, वकील गाठा, एवढंच मी सांगू शकले. हेच मी केलं असतं तर माझ्याविरुद्ध आरसीआयकडे अर्ज देता आला असता आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर माझं नाव रजिस्टरमधून काढता आलं असतं. म्हणजे पोटापाण्याचं साधनच जातं. परिषद किती झटपट हलते हा वेगळा विषय, त्यावर मी फार आशा लावत नाही. पण दार तरी आहे ठोठवायला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: नोंदणीकृत माणसं आहेत तरी किती? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं दिसलं. अशा देशात नंबराचा आग्रह धरणं म्हणजे दुष्काळात बिसलेरी मागणं नाही का? गोव्यातलं काम मला इथे आठवतं. १९९६ पासून तिथे ‘संगथ’ नावाची संस्था आहे. त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं आणि गंभीर नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. नीट मोजून बघितलं तेव्हा, नेहमीच्या उपचारापेक्षा रुग्ण जास्त सुधारले होते. हे निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आमच्या क्षेत्रातल्या काहींना ते झोंबलं. मला नाही झोंबलं, कारण त्यातला एक तपशील लोक वाचत नाहीत: त्या समुपदेशकांच्या बैठका रेकॉर्ड केल्या जायच्या, मग सगळे मिळून त्या ऐकायचे आणि गुण द्यायचे. पुन्हा तीच लाल पेनाची ओळ. पदवी नसेल तर चालेल, कुणाची नजर नसेल तर नाही चालणार.

म्हणून घराजवळच्या पाचशेवाल्या बाईंना एकदम फुली मारू नका. त्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा. शिक्षण काय आणि कुठे. सध्या तुमच्या केसेस तुम्ही कुणाशी चर्चा करता, म्हणजे सुपरव्हिजन कुणाचं. आणि मुलगी स्वतःला इजा करते आहे असं कळलं तर तुम्ही पुढे काय करता. तिसऱ्या प्रश्नाला “आम्ही पॉझिटिव्ह थिंकिंग शिकवतो” असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. “आधी सायकिॲट्रिस्टना दाखवू, सुरक्षिततेचं बघू, माझ्या आवाक्याबाहेर असेल तर पाठवेन” असं आलं तर त्या बाई नंबराशिवायही बऱ्यापैकी जाणत्या आहेत. पुढे गाडी रुळावर आल्यावर दर आठवड्याच्या बोलण्यासाठी त्या चालतीलही. पहिली तपासणी मात्र नोंदणीकृत माणसाकडूनच करून घ्या. हजार रुपये जास्त द्यायचे ते इथे, एकदाच. पुढच्या प्रत्येक आठवड्याला नाही.

पुण्याच्या बाईंचाही नंबर तपासा, लाजू नका. आरसीआयच्या वेबसाइटवर नाव किंवा नंबर टाकून शोधता येतं. नंबर सापडला म्हणून थांबू नका, तो कोणत्या प्रकारात आहे ते बघा. विशेष शिक्षकालाही आरसीआयचा नंबर असतो आणि तो खराच असतो. पण ते शिक्षण थेरपीचं नव्हे. तिथे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिलंय का आणि मुदत संपलेली नाही ना, हे दोन्ही पाहा. नावापुढच्या ‘डॉ.’ वर जाऊ नका; मानसशास्त्रात पीएच.डी. केलेल्या कित्येकांनी एकही पेशंट बघितलेला नसतो आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, ते त्यांचं कामच नाही. ‘आजीव सभासद’, ‘आयएसओ प्रमाणित’, भिंतीवरच्या सोनेरी चौकटी, या सगळ्याला नोंदणी म्हणत नाहीत. पदवीच्या अक्षरांवरही आता फार विसंबता येणार नाही. आमच्या पिढीची एम.फिल., म्हणजे ती हॉस्पिटलातली दोन वर्षं, नव्या शैक्षणिक धोरणात मोडीत निघाली; क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली, आणि यापुढे पाटीवर साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) वगैरे वेगळी अक्षरं दिसतील. अक्षरं बदलली तरी रजिस्टर तेच राहतं, म्हणून तिथेच बघायचं.

पैशांचंही बोलते, कारण तुम्ही ते संकोचून शेवटी लिहिलंय. सरकारी रुग्णालयात केस पेपरचे पैसे नाममात्र असतात. मिरजेला गेलात की खिडकीवरच विचारा, सायकॉलॉजिस्ट बसतात का आणि कोणत्या वारी. गर्दी असेल, बाकावर दोन तास जातील, बोलणं घाईत होईल. तरी तिथे सायकिॲट्रिस्ट आणि पुढची सोय एकाच आवारात मिळते, आणि तुमच्या लेकीला या घडीला तेच जास्त लागणार आहे.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही पण प्रत्येक बाप विचारतो: ती आत काय बोलते ते आम्हाला सांगणार ना? सगळं नाही सांगणार. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर लगेच सांगतील, तसं पहिल्याच भेटीत तिच्यासमोर बोलतीलही. अठराखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कायद्यानं ते पोलिसांना कळवावंच लागतं. बाकी मैत्रीण, मोबाइल, कोण आवडतं, तुमच्याबद्दल काय वाटतं, हे त्या खोलीतच राहायला हवं. ते बाहेर येतंय असा तिला संशय आला की ती पुढच्या वेळी मांजराचीच गोष्ट सांगेल.

पहिल्यांदा ती आत गेली की तासभर लागेल. तुम्ही बाहेर बसा, दारापासून थोडे लांब. ती बाहेर आल्यावर ‘काय विचारलं? तू काय सांगितलंस?’ असं करू नका. भूक लागलीय का, तेवढं विचारा.